मिरचीची बिनपगारी रजा

ढोबळी मिरचीपाशी माणूस सहसा दोनच प्रश्न घेऊन जातो: भाव काय, आणि आत बेसन भरायचं की बटाटा? 1930 साली कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड वेस्टन नावाच्या छायाचित्रकाराला तिसराच प्रश्न पडला. त्याने एक पिळदार मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात बसवली आणि नरसाळ्याच्या आतून परावर्तित होणाऱ्या मंद उजेडात, अतिशय दीर्घ एक्स्पोजर देऊन, तिचा फोटो काढला. ‘पेपर नंबर 30’ हा तो फोटो आज छायाचित्रकलेच्या इतिहासात मानाने बसला आहे. कुणाला त्यात पाठमोरी स्त्री दिसते, कुणाला दोन पैलवानांची मिठी. वेस्टनच्या मिरच्या फोटोनंतर बहुधा स्वयंपाकघरात जात. स्वतःचीच मॉडेल खाणारा हा नरभक्षक, अशी त्याची थट्टाही झाली. पण प्रश्न असा की, भाजीवालीच्या टोपलीत जी मिरची कुणाला काही सांगत नव्हती, ती नरसाळ्यात बसल्याबरोबर तत्त्वज्ञान कशी बोलू लागली?

माझं म्हणणं असं की, ती काहीच बोलत नाही. तिला फक्त रजा मिळालेली असते. वापरातली वस्तू आपल्याला दिसत नाही, तिचं काम दिसतं. झाडू म्हणजे काढलेला केर, पेला म्हणजे भागलेली तहान. ते काम काढून घेतलं की वस्तू एकटी उरते, आणि मग तिला आकार, कड, सावली असल्याचं ध्यानात येतं. याचा सर्वांत धीट पुरावाही वेस्टननेच दिला आहे. 1925 मध्ये मेक्सिकोत असताना त्याने आपल्या घरातल्या शौचकूपाचे फोटो काढले आणि त्याच्या वळणांची तुलना चक्क सामोथ्रेसच्या विजयदेवतेशी केली. ती ग्रीक देवता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बिनडोक्याची उभी आहे, त्यामुळे तिने तक्रार केली नाही. मात्र फोटो चालू असताना कुणाला निसर्गाची हाक आली तर काय, या धास्तीने आपल्याला घाम फुटल्याचं वेस्टनने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. ही धास्ती म्हणजे माझ्या म्हणण्याचा गाभाच. रजा रद्द होऊन भांडं कामावर रुजू झालं असतं, तर सौंदर्य त्याच क्षणी संपलं असतं.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, ‘ही सगळी चौकटीची करामत. काहीही भिंतीवर टांगा, खाली नंबर घाला, लोक हनुवटीला हात लावून उभे राहतात.’ लोक उभे राहतात हे खरंच. पण नुसत्या चौकटीने भागत असतं, तर वेस्टनचं पहिल्याच मिरचीवर भागलं असतं; तिसाव्या क्रमांकापर्यंत जाण्याची गरज नव्हती. आंद्रे कर्तेझ या छायाचित्रकाराने 1928 मध्ये ताटलीच्या काठावर टेकलेला एक काटा आणि त्याची सावली टिपली. त्यातला काटा दोन बोटं सरकवून पाहावा. सावली विस्कटते आणि उरतं ते फक्त उष्टं ताट. रजा कुणालाही देता येते, पण रजेवर प्रत्येक वस्तू देखणी दिसतेच असं नाही. माणसांचंही तेच आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आल्बर्ट रेंगर-पाच या जर्मन छायाचित्रकाराने 1928 मध्ये रोपं, यंत्रं, कारखान्यातल्या वस्तू यांचा फोटोसंग्रह काढला. त्याला नाव हवं होतं नुसतं ‘वस्तू’. प्रकाशकाने छापलं ‘जग सुंदर आहे’. विक्रीची जाण लेखकापेक्षा प्रकाशकाला जास्त, हे जर्मनीतही तसंच. त्यावर वाल्टर बेन्यामिन हा विचारवंत भडकला: असा कॅमेरा दारिद्र्यालाही शोभेची चीज करून ठेवतो आणि वस्तूमागची माणसं गडप करतो. हे मला मान्य आहे. चकाकत्या पातेल्याचा फोटो पातेलं कुणी घासलं ते सांगत नाही. पण हा दोष बघण्याचा नव्हे, अर्धवट बघण्याचा. वॉकर इव्हान्सने 1955 मध्ये ‘फॉर्च्युन’ या व्यापारविषयक मासिकासाठी पत्र्याची कात्री, गवंड्याची थापी, पाना अशा हत्यारांचे फोटो काढले. एकेक हत्यार राजघराण्यातल्या माणसाच्या तसबिरीच्या थाटात, आणि खाली त्याची किंमत. सौंदर्य आणि बाजारभाव एकाच पानावर सुखाने नांदले. रजेवर गेलेल्याची नोकरी काय होती, हे लपवण्याची गरज नसते.

उरला शेवटचा आक्षेप, तोही घरातलाच: ‘मिरची बघायला कॅमेरा कशाला हवा? डोळे आहेत की!’ आहेत, पण डोळ्यांना समाजाची परवानगी नाही. एखादा गृहस्थ शौचकूपासमोर फरशीवर बसून दिवसचे दिवस टक लावून बघू लागला, तर घरचे डॉक्टरांना बोलावतील. त्याच्या हातात कॅमेरा असला, तर हळू आवाजात ‘काम चाललंय’ असं सांगून पाहुण्यांना शेजाऱ्यांकडे पाठवतील. वस्तूला कामातून सोडवण्यासाठी माणसाला आधी आपण कामात असल्याचं दाखवावं लागतं. कॅमेऱ्याचा खरा शोध हाच; फोटो निघतो तो वरकड फायदा.