बीव्हर सगळ्यांचा, भुर्दंड शेतकऱ्याला

स्कॉटलंडमध्ये बीव्हरला कायद्याचं संरक्षण मिळालं १ मे २०१९ रोजी. त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर ८७ बीव्हर मारले गेले होते. चोरून नव्हे, सरकारी परवान्याने.

टे नदीच्या खोऱ्यात तेव्हा साडेचारशेच्या आसपास बीव्हर असल्याचा अंदाज होता. म्हणजे संरक्षणाच्या पहिल्या आठ महिन्यांत पाचांतला एक गेला. पुढच्या वर्षी आकडा ११५ वर पोचला.

मग संरक्षण नेमकं कशाला मिळालं?

प्राणी आपल्याकडचा नाही, म्हणून ओळख करून देतो. उंदीर-खारींच्या जातकुळीतला, पण वजन वीस-तीस किलो. चपटी शेपटी, आणि लोहामुळे नारिंगी झालेले दात. त्या दातांनी तो झाडं पाडतो, फांद्या आणि चिखल रचून ओढ्यावर बंधारा घालतो. बंधाऱ्यामागे पाणी साठतं, त्या पाण्याखाली त्याच्या घराचं दार लपतं. लांडग्यापासून वाचायला त्याने शोधलेली ही युक्ती आहे. बंधारा कुठे घालायचा हे तो पाण्याचा आवाज ऐकून ठरवतो, सातबारा वाचून नाही.

माणसाने या प्राण्याला जवळजवळ संपवलं होतं. कातडी, मांस आणि शेपटीजवळच्या ग्रंथींतला सुगंधी स्राव, तिन्हींना बाजार होता. ब्रिटनमधून तो सोळाव्या शतकात गेला. विसाव्या शतकाच्या तोंडावर अख्ख्या युरोप-आशियात बाराशेच्या आसपासच उरले होते. अमेरिकेतही तेच. हडसन्स बे कंपनीच्या (स्थापना १६७०) ठाण्यांवर बीव्हरचं कातडं हेच चलन होतं. बंदूक किती कातड्यांना, घोंगडी किती कातड्यांना, असा दर चाले. सगळं कशासाठी? युरोपातल्या साहेबांच्या टोप्यांसाठी. पुढे रेशमी टोपीची टूम निघाली आणि बीव्हरची मागणी उतरली. कायदा येईपर्यंत त्याला जगवलं ते फॅशनने.

सोयीप्रमाणे त्याची जात बदलण्याची खोडही जुनी. सतराव्या शतकात क्युबेकमध्ये चर्चने त्याला माशांत बसवलं, कारण उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य होतं, मासा चालत होता. आज तो परिषदेच्या व्यासपीठावर निसर्गाचा अभियंता असतो आणि बटाट्याच्या शेतात उपद्रवी जनावर.

प्राणी तोच. खुर्ची बदलते.

स्कॉटलंडमध्ये त्याचं पुनरागमन दोन दारांनी झालं. पुढच्या दाराने, म्हणजे २००९ साली आरगाइलमधल्या नॅपडेलच्या जंगलात. नॉर्वेहून आणलेले प्राणी, परवानगी, देखरेख, अहवाल, सगळं रीतसर. मागच्या दाराने टे नदीच्या खोऱ्यात. कुणाच्या तरी कुंपणातून निसटलेले किंवा मुद्दाम सोडलेले. परवानगीचा कागद नाही. नॅपडेलचे जेमतेम तगले, पुढे आणखी आणून सोडावे लागले. टे खोऱ्यातले वाढत गेले आणि २०२०-२१ च्या पाहणीत हजाराच्या घरात निघाले.

असं गुपचूप सोडण्याला तिकडे ‘बीव्हर बॉम्बिंग’ म्हणतात. सोडणारा रात्री येतो, निसर्गाचं भलं केल्याचं समाधान घेतो आणि पहाटेच्या आत घरी पोचतो. तिथे राहायचं असतं शेतकऱ्याला.

त्याचं रान कसं आहे ते बघा. नदीकाठची सपाट, कसदार जमीन. बटाटा, बार्ली, स्ट्रॉबेरी-रासबेरी. ही जमीन पिकते ती चरांच्या जोरावर. चर खोदून पाण्याचा निचरा केला म्हणूनच. जमिनीला उतार इतका कमी की चरात गुडघाभर उंचीचा बंधारा पडला तरी पाणी मागे थेट पिकात शिरतं. शिवाय बीव्हर पूर थोपवणाऱ्या मातीच्या बांधात बिळं करतो. बिळं बाहेरून दिसत नाहीत. दिसतात ती पूर आल्यावर, बांध फुटला की.

रानडुकरांनी एका रात्रीत उलथलेलं भुईमुगाचं शेत ज्याने पाहिलंय, त्याला या शेतकऱ्याचा संताप समजावून सांगायला नको.

आणि त्याला मिळतं काय? सल्ला मिळतो. झाडाच्या बुंध्याला गुंडाळायला जाळी मिळते. बंधाऱ्यातून पाणी काढायला पाइप बसवून मिळतो. बुडालेल्या पिकाची भरपाई मात्र मिळत नाही. सगळ्या देशाने बीव्हर परत आल्याचा आनंद साजरा करायचा आणि त्याचा खर्च ओढ्याकाठच्या एका खातेदाराने सोसायचा?

असं केलं तर तो बंदुकीचा परवाना मागणारच. मी असतो तर मीही मागितला असता.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. ८७ हा आकडा वाईट आहे, पण निदान आकडा आहे. २०१९ च्या आधी शेतकरी गोळी घालत होते आणि ते मोजणारं कोणीच नव्हतं. गाभण मादी मेली का, दूध पिणारी पिल्लं बिळात अडकून मेली का, कुणी विचारत नव्हतं. परवान्याबरोबर अटी आल्या, प्रशिक्षित नेमबाज आले, पिल्लांच्या हंगामात बंधनं आली. कायद्याने हत्या थांबली नाही. तिची नोंदवही उघडली.

ती वहीसुद्धा अर्धीच भरली जात होती. ‘ट्रीज फॉर लाइफ’ ही संस्था कोर्टात गेली. २०२१ मध्ये न्यायालयाने नेचरस्कॉट या सरकारी यंत्रणेला बजावलं की परवाना देताना त्याची कारणं लेखी द्या. संस्थेचे बाकीचे मुद्दे फेटाळले गेले, हा एक टिकला. संरक्षित प्राण्याला मारायची परवानगी का दिली, हे कागदावर लिहायला न्यायालयाने सांगावं लागलं!

त्याच वर्षी सरकारनेही पवित्रा बदलला. नको तिथले बीव्हर पकडून हव्या असलेल्या जागी हलवायला वाट मोकळी केली. पुढे हलवलेल्यांचा आकडा वाढला, मारलेल्यांचा उतरला. उपाय आधीही माहीत होता. खोळंबा होता तो इच्छेचा.

मारून प्रश्न सुटतो हा समजही एकदा तपासायला हवा. बीव्हरची पिल्लं दोन वर्षांची झाली की घर सोडतात आणि रिकामा ओढा शोधत निघतात. तुम्ही एक कुटुंब मारता म्हणजे काय करता? पुढच्या जोडीसाठी जागा रिकामी करता. चर तोच, उतार तोच, काठावरची विलोची झाडं तीच. गोळीचा खर्च दरवर्षी.

याउलट बीव्हर बहुतेक चरतो तो पाण्यापासून दहा-वीस मीटरच्या आत. तेवढी पट्टी पिकाविना सोडली तर बहुतेक भांडण मिटतं. पण ती पट्टी शेतकऱ्याने फुकट का सोडावी?

जर्मनीतल्या बव्हेरियाने हा प्रश्न लवकर ओळखला. तिथे १९६६ पासून बीव्हर परत आणले गेले, आज वीस हजारांहून जास्त आहेत. गावोगावी प्रशिक्षित स्वयंसेवक आहेत. पाणी शेतात शिरलं की शेतकरी त्यांना बोलावतो आणि माणूस बांधावर येतो. नुकसानीसाठी सरकारी निधी आहे. आणि जिथे दुसरा इलाजच नाही तिथे बीव्हर पकडून मारलेही जातात, दरवर्षी. तरीही बीव्हर वाढले.

स्वीडनचं उदाहरण तर शिकारविरोधकांना पचायला जड जाईल. तिथला शेवटचा बीव्हर एकोणिसाव्या शतकात मारला गेला, १९२२ मध्ये नॉर्वेतून नवे आणले. आज लाखाहून अधिक आहेत आणि हंगामात त्यांची राजरोस शिकार होते. हंगाम पाळणाऱ्या शिकारीने बीव्हर संपत नाही. तो संपला होता बेलगाम बाजाराने.

म्हणून मला ‘एकही मारू नका’ हा हट्ट पटत नाही. आणि ‘दिसला की घाला गोळी’ तर मुळीच नाही.

ज्यांना पहिला हट्ट पटतो त्यांनी दक्षिण अमेरिकेचं टोक पाहावं. १९४६ मध्ये अर्जेंटिनाने कॅनडातून वीस बीव्हर आणून तिएरा देल फुएगो बेटावर सोडले, फरचा धंदा उभा करायला. धंदा उभा राहिला नाही. बीव्हर राहिले, लाखाच्या आसपास पोचल्याचे अंदाज आहेत. उत्तरेतली विलो कापली की पुन्हा फुटते. इथलं लेंगा झाड तसं फुटत नाही, आणि मुळांशी पाणी तुंबलं तर उभंच्या उभं वाळतं. बीव्हरला खाणारा कोणी नाही. तो सामुद्रधुनी पोहून मुख्य भूमीवरही गेला. २००८ मध्ये चिली आणि अर्जेंटिनाने त्याच्या उच्चाटनाचा करार केला. तिथे दया दाखवायची तर ती आधी जंगलाला दाखवायला हवी.

बीव्हर एका काठावर वारसा, दुसऱ्या काठावर अरिष्ट. घोषणा मात्र दोन्हीकडे एकच कशी चालेल?

माणसाने मनावर घेतलं तर काय होतं तेही नोंदवतो. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात नको तिथले ७६ बीव्हर पेट्यांत घालून विमानातून पॅराशूटने दूरच्या रानात उतरवले. एक दगावला, बाकीचे जगले. रस्ता नव्हता तर आकाशातून नेले. आणि आज चर अडला की सगळ्यात आधी आठवते ती बंदूक?

आता चेक प्रजासत्ताकातली गोष्ट, २०२५ च्या सुरुवातीची. ब्रदी भागात एका ओढ्यावर छोटे बंधारे घालून पाणथळ जागा जिवंत करायची सरकारी योजना होती. जमिनीची मालकी आणि परवानग्या यांत ती सात वर्षं अडकली. तेवढ्यात आठ बीव्हर आले आणि हव्या त्याच जागी बंधारे घालून मोकळे झाले. सुमारे तीन कोटी चेक क्राउन वाचल्याचं अधिकाऱ्यांनी सांगितलं. जगभर कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं.

पण हेच बंधारे पलीकडच्या शेतात पडले असते तर? वाचलेले तीन कोटी मोजणारे बुडालेलं पीक मोजायला आले असते?

नदीचं पाणी स्वच्छ होतं, खालच्या गावाचा पूर ओसरतो, बेडूक-पक्षी परततात; हे सगळं खरं आहे आणि मला ते हवं आहे. बीव्हर हवाच. पण खालच्या गावाचं घर कोरडं राहत असेल, तर वरच्या ओल्या शेताचे पैसे खालच्या गावाने, म्हणजे सरकारी तिजोरीने, द्यायला नकोत का? भीक म्हणून नव्हे. पाणी साठवल्याचं भाडं म्हणून.

इंग्लंड आता त्याच वळणावर आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे कायद्याचं संरक्षण आलं. २०२५ च्या मार्चमध्ये डॉर्सेटमधल्या पर्बेकला दोन जोड्या परवान्याने मोकळ्या सोडल्या. जागा राखीव, आजूबाजूला आनंद. सोडणाऱ्यांनी आसपासच्या जमिनीवर होणाऱ्या परिणामांची दहा वर्षांची योजना द्यायची, अशी अट आहे. अट चांगली आहे.

पण बीव्हर एकदा नदीला लागला की दहा वर्षांनी परत जात नाही. त्याची नातवंडं खालच्या शेतांच्या चरात उतरलेली असतील. अकराव्या वर्षी पाणी पिकात शिरलं तर त्या शेतकऱ्याने फोन कुणाला करायचा?