गंजवैरी

तालुक्याच्या गावाला कारखान्यातून रिटायर होऊन परतलेला एक तरी माणूस असतो. कळमनुरीतले आमचे काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले. कारखाना १८६९चा, काका बोलायला लागले की वाटतं, मुहूर्ताचा नारळ यांनीच फोडला. जन्म टूलरूममध्ये डाय सांभाळण्यात गेला. आता गाव सांभाळतात.

"काडतुसाची पितळी केस डायमधून ओढून लांब करतात. डायचं पोट आरशासारखं पाहिजे! गंजाचा मोहरीएवढा डाग पडला, की पुढच्या प्रत्येक केसवर तोच ओरखडा." हे ऐकताना आम्ही उगाच आपापलं पोट आत ओढतो.

घरातली कडी, अडकित्ता, विळी, सगळ्यांना शिलाई मशीनच्या तेलाचं बोट. गोडंतेल लावायचं नाही, ते वाळून चिकटतं. कांद्याच्या कोशिंबिरीला मशीनचा वास का येतो, हे काकूंनी विचारायचं सोडून दिलंय. हत्यारांच्या पेटीत कापूर, ही जुन्या फिटरांची रीत. त्यामुळे आरतीच्या वेळी काकू निरांजन घेऊन आधी पेटीकडे वळतात. कुणी नवे बूट घेतले की काका सर्वांत आधी हजर. खोक्यातली सिलिका जेलची पुडी घेऊन जातात. बूट बघतही नाहीत.

खंडेनवमीला मात्र त्यांची परीक्षा. हत्यारांवर पाणी शिंपडायचं, ओलं कुंकू लावायचं, आणि रात्रभर तसंच ठेवायचं! काका आधी तेलाचा हात फिरवतात, मग डोळे मिटून कुंकू लावतात. लोकांना ती भक्ती वाटते.

पण त्यांचा खरा शत्रू माणसाचा हात. काहींचा घाम असा खारट, की घासूनपुसून ठेवलेल्या पोलादाला नुसता हात लागला तरी दुसऱ्या दिवशी ठसा उमटतो. असल्या हाताच्या माणसाला काका तयार डायजवळ फिरकू देत नसत. घरात कसे देतील?

गेल्या पावसाळ्यात आखाडा बाळापूरहून पाहुणे मुलगी बघायला आले. पोहे झाले. काकांनी पेटीतून चकचकीत पोलादी तुकडा काढला. एरवी ते फडक्यानेच धरतात, पण काकूंनी फडकं चहाचं पातेलं उतरवायला नेलं होतं. "वजनाला कसा वाटतो, बघा बरं." मुलाने तो तळहातावर तोलला आणि म्हणाला, "अर्धा किलो भरंल." बैठक खूष. काकांनी तुकडा न पुसता खिडकीत ठेवला. बाहेर झड लागलेली.

तिसऱ्या दिवशी काका सकाळीच आमच्याकडे आले. तुकड्यावर अंगठ्याचा तांबूस ठसा, रेघ न् रेघ मोजून घ्यावी इतका स्पष्ट. "नकार कळवतो," म्हणाले.

मागून काकू आल्या. "अहो, पोराच्या दोन्ही अंगठ्यांना पट्टी होती. मोटारसायकलवरून पडला म्हणून त्याची आई सांगत नव्हती का?"

काकांनी आधी तुकड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. हात पाठीमागे गेला.

साखरपुड्याला ते पांढरे सुती हातमोजे घालून बसले होते. बाळापूरचे पाहुणे अजून भेटले की हळूच विचारतात, व्याह्यांच्या हाताचं दुखणं कसं आहे.