वेल्ह्याची ओळ राजगडात नेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

मोबाइल अ‍ॅपच्या यादीतली ओळ एका विभागातून दुसऱ्यात न्यायची म्हणजे बोट दाबून धरायचे, ओळ सुटी झाली की ओढायची आणि हव्या त्या जागी सोडायची. किराणा सामानाच्या यादीला एवढे ज्ञान पुरते. तालुका हलवायचा असेल तर पुढे वाचावे.

मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करायला मंजुरी दिली. म्हणजे तालुक्यांच्या अक्षरवार यादीत 'व'खालची ओळ 'र'खाली गेली पाहिजे. घाबरू नये. मराठी वर्णक्रमात मुळशी, वेल्हे, शिरूर असे आहे; आता मुळशी, राजगड, शिरूर होईल. ओळ तसूभरही हलत नाही, डोक्यावरचे अक्षर तेवढे बदलते. इतके बिनत्रासाचे स्थलांतर या भागात पूर्वी झाले होते का, हे भाटघर, पानशेत आणि गुंजवणीच्या धरणग्रस्तांना विचारावे. इंग्रजी यादीत मात्र चौदा तालुक्यांत तळाला बसलेले वेल्हे उठून शिरूरच्या वर चढते. शिरूरकरांच्या हरकती लेखी घ्याव्यात.

आता मुख्य क्रिया. 'र'चा विभाग मुळात नाहीच, तो आधी उघडावा. नाहीतर ओळ हातात आणि ठेवायला जागा नाही. 'व'मध्ये वेल्हे एकटेच होते, तेव्हा तो मथळा उतरवून ठेवावा. आधी आतली माहिती बदलावी, मग पडदा. आयफोनची यादी याबाबतीत जुन्या तलाठ्याइतकी कडक असते: आधीच्या ओळी, अधिक आलेल्या, वजा गेलेल्या, हा हिशेब प्रत्येक विभागात जुळला नाही तर अ‍ॅप तिथल्या तिथे बंद पडते. सरकारी कामकाज असे हळवे नाही. वेल्हे काढले आणि राजगड घालायचे राहिले, तरी फार तर तोरणा काही दिवस बिनतालुक्याचा राहील. दोन्ही राहिले तर जिल्ह्याला पंधरावा तालुका फुकट मिळेल.

नामांतर तालुक्याचे आहे, गावाचे नाही. म्हणून दिसेल तिथे वेल्हे पुसत सुटू नये. दाखल्याच्या खिडकीवर बसणाऱ्याने पुढील संवादाची तयारी ठेवावी:

"वेल्हं कुठं दिसंना की ओ यात."

"आबा, राजगड निवडा."

"गडावर कोण राहतंय? मी वेल्ह्यात राहतो."

आबांना गावांच्या यादीकडे न्यावे. तिथे वेल्हे बुद्रुक शाबूत आहे.

शेवटी शोधून खात्री करावी. 'राजगड' टाकल्यावर पोलीस ठाणे किंवा साखर कारखाना पुढे आला, तर आपण भोर तालुक्यात आहोत. चेलाडी फाट्यावरून आत वळावे. 'रायगड' आले तर एका अक्षराने बोट घसरून आपण थेट कोकणात उतरलो आहोत. वरंध घाटाने भोरला परत यावे. पावसाळ्यात घाट बंद असल्यास महाडलाच मुक्काम करून पुढच्या अपडेटची वाट पाहावी.