ट्रायवाला

काही माणसं फरसाणाच्या दुकानात शिरतात, प्रत्येक बरणीतलं चिमूटभर तोंडात टाकतात, ‘मीठ जरा जास्त झालंय’ असं दुकानदारालाच ऐकवतात आणि पाव किलो शेवही न घेता बाहेर पडतात. याच कुळातली माणसं सॉफ्टवेअरच्या धंद्यात डेटाच्या लायब्रऱ्या ‘ट्राय’ करतात. हिंजवडीपासून खराडीपर्यंत कुठल्याही मजल्यावर चढा, एक तरी ट्रायवाला भेटणारच.

त्याला ओळखायचं असेल तर रिपोर्टचं काय झालं, एवढंच विचारा.

“होईल रे रिपोर्ट. पण तू अजून पांडाजच वापरतोस?”

त्या ‘अजून’मध्ये आपली सगळी नोकरी निघते.

याच पांडाजची आरती तो एके काळी सकाळ-संध्याकाळ म्हणायचा. वेस मॅकिनीने 2008 मध्ये ते लिहायला घेतलं आणि ओळी-रकान्यांचा तक्ता पायथनमध्ये सुखाने नांदू लागला. पुढे 2017 मध्ये मॅकिनीनेच आपल्या लेकराचे दोष चारचौघांत सांगितले. फाइल जेवढी, त्याच्या पाच ते दहा पट रॅम हाताशी ठेवा म्हणाला. बापानेच कबुली दिल्यावर ट्रायवाल्याला आणखी काय हवं? रिची व्हिंकचं पोलर्स आलं, तेव्हा ते रस्ट भाषेत लिहिलंय एवढ्यावरच त्याने पेढे वाटायचे बाकी ठेवले. स्वतःला रस्टची एक ओळ येत नाही, ही गोष्ट वेगळी.

त्याची परीक्षा घेण्याची पद्धत मात्र बघण्यासारखी. लायब्ररी कुठलीही असो, फाइल एकच: टायटॅनिकच्या प्रवाशांची. शिकाऊ पोरं वापरतात ती, 891 ओळींची. बिचारं ते जहाज 1912 मध्ये एकदा बुडालं. याच्या लॅपटॉपवर दर पंधरवड्याला नव्याने बुडतं. फाइलीतल्या 177 जणांच्या वयाचा रकाना कोरा आहे. हा त्या कोऱ्या जागांकडे टक लावून बसतो, स्टॉपवॉच लावतो आणि अचानक ओरडतो, “तीन मिलिसेकंद वाचले!” ते वाचवण्यात त्याचा अख्खा मंगळवार गेलेला असतो.

पण तो अगदीच हवेत बोलतो असंही नाही. ग्राहकांच्या यादीत एक जरी पिनकोड कोरा राहिला, तर पांडाज नेहमीच्या सवयीने सगळा रकानाच दशांशात नेतं. 411057 चा 411057.0 होतो, आणि हिंजवडीचं पाकीट कुठे टाकायचं या विचाराने कुरिअरवाला डोकं खाजवतो. पोलर्स कोरी जागा कोरीच ठेवतं, बाकीचे आकडे पूर्णांकच राहतात. हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलतो, की त्याला थांबवायला जीव होत नाही. चहा मात्र थंड होतो, आपलाही.

आणि मग महिनाअखेर येते. एक्सेलच्या एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात, त्यापुढे एकही नाही. विक्रीची फाइल एकदा त्याच्याही पुढे गेली. मॅनेजर घामाघूम, अकाउंट्सचे साहेब दर दहा मिनिटांनी दारात. ट्रायवाला शांतपणे खुर्ची सरकवून बसला. आम्स्टरडॅमच्या संशोधन संस्थेत जन्मलेलं डकडीबी त्याने काढलं, सीएसव्ही फाइल कुठे न भरता तिच्यावरच थेट एसक्यूएल चालवलं आणि शाखावार बेरजा काढून दिल्या. आम्ही सगळे गप्प. तो गप्प बसता तर त्या दिवशी त्याला पगारवाढही मिळाली असती. पण त्याने मॅनेजरला पोलर्समध्ये हेच कसं करता येईल, ते सांगायला घेतलं.

पुढच्या महिन्यात तोच रिपोर्ट पुन्हा हवा होता. पण याने मधल्या काळात सगळं पुसून आणखी काही तरी बसवलेलं, आणि जुना कोड ‘आता त्यात काही दम नाही’ म्हणून उडवलेला.

तेव्हा तुमच्या टीममध्ये असा कोणी असेल तर त्याला हाकलू नका. फक्त रिपोर्ट त्याने कशात आणि कसा केला, ते त्याच संध्याकाळी त्याच्याकडून लिहून घ्या.