ठाणाकुशनूरचा आदर्श

मागास भाग पुढे आणायचा तर तंत्रज्ञान पार्क पुढारलेल्या भागातच काढावं, ही केवढी दूरदृष्टी! 1991 साली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांसाठी केंद्राची संस्था निघाली. बंगळूरु, हैदराबाद, पुढे पुण्याची हिंजवडी फोफावली. बिदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरनं तूर-सोयाबीन पेरली नि पोरं पुण्याला धाडली. कच्च्या मालाचा पुरवठा कधी अडला नाही.

शिवाय बिदरी कामाचे कारागीर बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात कालवून धातू काळा करतात. एवढं रसायनशास्त्र पार्काविना चालतंय, मग पार्क कशाला?

बिदर ज्या हैदराबाद-कर्नाटकात येतं, त्याचं नाव 2019 साली कल्याण कर्नाटक झालं. खर्च पाट्यांपुरताच.

आता एकच करावं. हिंजवडीची वाहतूक कोंडी तेवढी ठाणाकुशनूरच्या चौकात हलवावी. अडकलेली पोरं निदान आईच्या हातची भाकरी खातील.