उजेडाचा कूळकायदा

आमचं लंडनचं घर म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातली दुमजली चाळच. दोन्हीकडच्या भिंती सामाईक, पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर. मधल्या खोलीला एकच खिडकी, तीही अरुंद बोळाकडे. भर दुपारी दिवा लावून चष्मा शोधायचा.

इंग्लंडात १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता. तो चुकवायला लोक खिडक्या विटांनी बुजवून टाकत. आमचं घर त्यानंतरचं, म्हणजे बांधणाऱ्याला तीही सबब नाही.

नवऱ्याला स्वस्तातला तोडगा हवा होता. तो मला वास्तुविशारद सर जॉन सोनचं घर दाखवायला घेऊन गेला (प्रवेश फुकट, हे आलंच). लिंकन्स इन फील्ड्समधल्या रांगेतलं हे घर. गवंड्याच्या या पोराने छताला काचा आणि जागोजागी फुगीर आरसे बसवून आत असा काही उजेड खेळवलाय की पाहत राहावं. आम्हीही घरी आरसे लावले. पण आरसा बिचारा असेल तेच दाखवणार! आता खोलीत पाचपट अंधार, आणि त्यात ठिकठिकाणी फुगलेल्या नाकाचा नवरा.

शेवटी कर्ज काढलं. बोळाकडची भिंत पाडून तिथे लोखंडी तुळई टाकायची, बोळाच्या पलीकडच्या कडेला नवी भिंत बांधायची आणि बोळावर काचेचं छप्पर घालायचं. त्यासाठी १९९६च्या कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला नोटीस द्यावी लागते. शेजारच्या आजोबांनी ती वाचली, आम्हाला चहा पाजला आणि १८३२चा कायदा काढला. खिडकीतून सलग वीस वर्षं उजेड येत असला, तर त्यावर मालकाचा हक्क लागू शकतो. हा तर कूळकायदाच! आमच्या नव्या भिंतीने त्यांच्या ओट्यावरचा उजेड जाणार होता. मग भिंत बुटकी झाली, छप्पर तिरकं झालं आणि बिल मात्र ताठ उभं राहिलं.

काम डिसेंबरात संपलं. चारच्या आधीच सूर्य मावळतो इथे. लाखमोलाच्या काचेतून आम्ही ढग पाहिले.

जूनमध्ये नाशिकहून आई आली. उन्हाळाभर खिडक्या लावून घेण्यात जन्म गेलेल्या बाईला उन्हासाठी काढलेलं कर्ज समजेना. पण पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंतचा उजेड पाहिला मात्र, तिने पदर खोचला. आता काचेखाली चादरीवर बटाट्याचा कीस वाळतोय आणि आम्ही जिन्यावर बसून जेवतो. तिचा व्हिसा सहाच महिन्यांचा आहे. वीस वर्षं काही भरत नाहीत, एवढीच आमची बाजू भक्कम.