दानशूर क्वार्टरबॅक

अमेरिकन फुटबॉलच्या क्वार्टरबॅकबद्दल एक तर भाट बोलतात, नाही तर सासवा. ब्रेट फार्व्हचंच घ्या. १९९५ ते १९९७ असा सलग तीन वर्षं एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू, ५०८ टचडाउन पास, आणि दुखापती अंगावर काढत सलग २९७ सामन्यांत पहिल्या फळीत. इथवर सांगून भक्तमंडळी पाणी पितात. पुढचा आकडा ३३६. इतक्या वेळा त्यानं चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हवाली केला. तोही विक्रमच, आणि तो अजून कुणाला मोडवलेला नाही.

जानेवारी २०१०, न्यू ऑर्लिन्स. २८-२८ बरोबरी, शेवटची काही सेकंदं. समोर मोकळं रान, चार पावलं पळाला असता तर किकला अंतर तरी कमी झालं असतं. (घोटा सुजला होता, हे मान्य.) पण साहेबांनी पळता पळता अंगावरून आडवा चेंडू फेकला आणि प्रतिस्पर्धी संघाच्या ट्रेसी पोर्टरनं तो अलगद उचलला. फार्व्हचा संघ व्हायकिंग्ज जादा वेळेत हरला.

गंमत म्हणजे असलेच अचाट पास बसले, की आपण टाळ्या पिटायचो. २०१६ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, ते रास्तच. फक्त ५०८ सांगणाऱ्यांनी ३३६ गिळू नये, आणि ३३६ मोजणाऱ्यांनी ५०८.